फुटपाथवरची गाडी आणि पाचशेची पावती

फुटपाथवर लावलेल्या मोटारसायकलचे चालान झाले की गाडीवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "इथं नो पार्किंगचा बोर्ड कुठं आहे?" आदिलाबादला विचारा, किनवटला विचारा, पांढरकवड्याला विचारा, प्रश्न हाच येतो आणि तो मनापासून विचारलेला असतो. निळ्या वर्तुळाला लाल कडा आणि वर एक तिरपी लाल रेघ असा बोर्ड दिसला तरच गाडी लावायला मनाई असते, अशी आपल्याकडे सर्वांची समजूत आहे. रस्त्याच्या कडेपुरती ती बरीचशी ठीक आहे. फुटपाथच्या बाबतीत मात्र ती साफ चुकीची आहे. केंद्र सरकारने १९८९ साली रस्त्यावरील वर्तनाचे नियम केले, त्यात फुटपाथवर गाडी उभी करू नये असे स्पष्ट लिहिले होते. २०१७ मध्ये त्यांची जागा नव्या वाहनचालन विनियमांनी घेतली, त्यातही ही मनाई कायम राहिली आणि तिला सायकलमार्ग व पादचारी पट्ट्यांची जोड मिळाली. म्हणजे बोर्ड असो वा नसो, रंग लावलेला असो वा नसो, पोलीस उभा असो वा नसो, फुटपाथ ही देशभर कायमची मनाई असलेली जागा आहे. हा नियम तीन दशकांहून जुना आहे, तरी लायसन्स खिशात असलेल्या कितीतरी लोकांना तो माहीतच नाही.

या मनाईमागे कायद्याची कलमे बरीच आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ प्रमाणे सार्वजनिक जागी इतरांना धोका, अडथळा किंवा विनाकारण त्रास होईल अशी गाडी सोडून जाता येत नाही. कलम १२७ प्रमाणे मनाईच्या जागी उभी गाडी गणवेशातील पोलीस अधिकारी उचलून नेण्यास किंवा तिच्या चाकाला कुलूप घालण्यास सांगू शकतो, आणि उचलण्याचा खर्च दंडाशिवाय वेगळा, तोही मालकाकडूनच. दंडाचे सर्वसाधारण कलम १७७. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त १०० आणि पुढच्या गुन्ह्याला ३०० रुपये होते, दुरुस्तीनंतर ते ५०० आणि १५०० झाले. वाहनचालन विनियम मोडल्याबद्दल १७७-अ हे कलम नव्याने आले, त्यात ५०० ते १००० रुपयांची तरतूद आहे. फौजदारी कायद्यातही सोय आहे. सार्वजनिक वाटेवर अडथळा आणल्याबद्दल जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम २८३ खाली २०० रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ ने तो ५००० रुपयांपर्यंत नेला. एवढी हत्यारे हाताशी असताना नवा कायदा करा अशी मागणी कोणी केली, तर आधीची वापरली का नाहीत हे त्याला विचारायला हवे.

महाराष्ट्र-तेलंगणाच्या सीमेवरच्या पैनगंगेच्या दोन्ही काठांवर कायदा एकच, पण प्रत्यक्ष भरायची रक्कम वेगळी असू शकते. गुन्हा कोर्टात न नेता जागीच मिटवण्यासाठी जी तडजोडीची रक्कम घेतात, ती ठरवण्याचा अधिकार कलम २०० ने राज्यांना दिला आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये दर वाढवले आणि नो पार्किंगसाठी पहिल्यांदा ५००, पुन्हा केल्यास १५०० असा हिशेब बसवला. तेलंगणाने १ सप्टेंबर २०१९ ला देशभर गाजलेले वाढीव दर तेव्हा लागू केले नाहीत. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये हैदराबादच्या वाहतूक पोलिसांनी 'ऑपरेशन रोप' सुरू केले, तेव्हा पादचाऱ्यांची वाट अडवणाऱ्या पार्किंगसाठी ६०० रुपये जाहीर केले. एमएच-२९ ची यवतमाळकडची गाडी आदिलाबादच्या बाजारात आणि टीजी-०१ ची आदिलाबादची गाडी पांढरकवड्यात रोज दिसते, त्यामुळे हा फरक इथल्या माणसाला जवळचा आहे. आकडा १०० चा ५०० झाला, कुठे ६०० झाला. फुटपाथ मात्र मोकळे झाले नाहीत. यावरून माझे मत असे झाले आहे की दोष दंडाच्या रकमेत शोधण्यात अर्थ नाही. दंड होईलच याची खात्री नाही, हा पहिला दोष. दुसरा त्याहून मोठा: फुटपाथ बांधणे, राखणे आणि गाड्यांसाठी वेगळी जागा ठरवणे ज्यांचे काम आहे त्यांच्या नावाने कधीच पावती फाटत नाही.

फुटपाथची गरज कोणाला असते, ते आधी पाहू. २०११ च्या जनगणनेने शेती व घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांना कामावर कसे जाता असे विचारले होते. पायी जाणारे सुमारे साडेचार कोटी निघाले, मोटार-जीपने जाणारे सुमारे ५४ लाख. यात शाळेची मुले नाहीत, बाजाराला येणाऱ्या बाया नाहीत, दवाखान्यात आलेले म्हातारे नाहीत. आदिलाबादसारख्या जिल्ह्याच्या गावी हे लोक मोजणीतल्या लोकांपेक्षा कमी महत्त्वाचे नाहीत. बेला, जैनथ, तामसी, तलमडुगू, इंद्रवेल्ली, उटनूरकडून माणूस आरटीसीच्या बसने येतो आणि बसस्टँडवर उतरल्या क्षणापासून पादचारी होतो. रिम्स रुग्णालय, कलेक्टर ऑफिस, बँक, बी-बियाण्याचे दुकान, सगळीकडे त्याला पायीच जायचे असते, नाहीतर ऑटोला पैसे मोजायचे असतात. फुटपाथवर गाडी उभी असेल तर तो खाली रस्त्यावर उतरतो आणि पाठीमागून येणाऱ्या ट्रॅक्टर-टेंपोच्या वाटेत येतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे जवळजवळ दर पाचांत एक. यातले सगळेच अडवलेल्या फुटपाथमुळे गेले असे म्हणणे खोटे ठरेल. रात्रीचा अंधार, हायवेवरचा वेग, दारू अशी कारणे आहेतच. पण ज्या माणसाला चालायला सुरक्षित जागाच ठेवली नाही, त्याचा मृत्यू केवळ चालकाच्या चुकीच्या खात्यावर टाकून यंत्रणेला सुटता येणार नाही.

आता फुटपाथ म्हणजे काय ते जरा तपशिलात पाहायला हवे, कारण लहान शहरातला फुटपाथ मुंबईच्या फुटपाथसारखा नसतो. इथे तो बहुतेक वेळा नालीवर टाकलेल्या सिमेंटच्या फरश्यांचा असतो, दुकानाच्या पायरीपासून डांबरापर्यंत. मध्येच विजेचा खांब, मध्येच ट्रान्सफॉर्मर, कुठे दुकानाचा ओटा पुढे आलेला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांवरच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी पूर्ण मोकळी हवी आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. या १.८ मीटरचे गणित सोपे आहे: दोन माणसे समोरासमोरून आली, किंवा एक व्हीलचेअर आणि एक माणूस आला, तर दोघेही न अडखळता जावेत. आणि नेहमीची मोटारसायकल साधारण दोन मीटर लांब असते. ती आडवी लावली की नियमाप्रमाणे बांधलेला फुटपाथसुद्धा एका गाडीने पूर्ण बंद होतो. म्हणून "एकच तर टू-व्हीलर आहे" हे म्हणणे टिकत नाही. मोटार चढवली तर दुसरे नुकसान होते. माणसाच्या वजनासाठी टाकलेली फरशी टनभर वजनाखाली तडकते, पावसाळ्यात त्या भगदाडात कोणाचा तरी पाय जातो, आणि नवी फरशी टाकायचा खर्च नगरपालिका सर्वांच्या घरपट्टीतून करते.

यावर पहिला आक्षेप येतो तो वजनदार आहे: गाडी लावायला जागाच नाही, मग माणसाने करावे काय? जागा ठरवणे हे सरकारचे काम आहे, हे मान्यच करायला हवे. मोटार वाहन कायद्याचे कलम ११७ राज्य सरकारला स्थानिक संस्थेच्या सल्ल्याने वाहनतळ ठरवण्याचा अधिकार देते, आणि कितीतरी गावांत हा अधिकार कागदावरच राहिला आहे. पण जागा मुळातच नाही हे अर्धेच खरे आहे. संयुक्त आंध्रच्या काळात, एप्रिल २०१२ मध्ये जे बांधकाम नियम आले त्यांत व्यापारी इमारतींना क्षेत्रफळाच्या प्रमाणात पार्किंग सोडणे बंधनकारक केले आणि सेलर, म्हणजे तळघर, पार्किंगसाठीच राखायला सांगितले. नकाशात पार्किंग दाखवून मंजुरी घ्यायची आणि मग सेलरमध्ये गोदाम, झेरॉक्सचे दुकान किंवा क्लास काढायचा, हा प्रकार तेलंगणातच नाही, महाराष्ट्रातही घरोघरी माहीत आहे. त्या इमारतीत आलेल्या गिऱ्हाइकाची गाडी मग फुटपाथवर चढते. तिथे चालान गिऱ्हाइकाच्या नावाने निघते, आणि त्याच्या गाडीची जागा भाड्याने देणारा मालक तसाच राहतो. हा अन्याय दूर करण्यासाठी नवीन जमीन लागत नाही. मंजूर नकाशे काढून सेलर मोकळे करून घेतले, तर तेवढे पुरेसे आहे. जपानने १९६२ साली असा कायदा केला की गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला असेल तरच मोटार नोंदवता येईल. आपल्याकडे एवढे लगेच होणार नाही, पण गाडी विकत घेणाऱ्याने तिच्या जागेचा भार चालणाऱ्यावर टाकू नये, हे त्यामागचे तत्त्व कोणत्याही गावाला लागू आहे. एक मोटार उघड्यावर उभी करायला, वळायच्या जागेसकट, सुमारे २३ चौरस मीटर धरतात. एवढ्यात अनेक कुटुंबे राहतात. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही पार्किंगचे शुल्क जमिनीच्या किमतीशी जोडावे असे सुचवले होते.

दुकानदारांचे म्हणणे असे की फुटपाथवर गाडी लावू दिली नाही तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाईल. ही भीती एकट्या दुकानदाराच्या बाबतीत खरी असू शकते, म्हणूनच नियम रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा लागू व्हायला हवा. सगळ्यांनाच मनाई असेल तर पुढच्या दुकानातही गाडी लावता येत नाही. शिवाय दुकानासमोर दिवसभर उभ्या असलेल्या गाड्यांपैकी किती गिऱ्हाइकांच्या आणि किती मालकाच्या, नोकरांच्या, शेजारच्या ऑफिसातल्या, हे प्रत्येक दुकानदाराने एक दिवस मोजून पाहावे. सकाळी लावलेली आणि रात्री काढलेली गाडी गिऱ्हाइकाची नसते. दुसरे म्हणणे, "पाचच मिनिटे लावतो." एकाची पाच मिनिटे खरोखर पाचच असतील. तो निघाला की त्याच जागी दुसरा येतो, मग तिसरा. चालणाऱ्याला कोणाचीही पाच मिनिटे दिसत नाहीत, त्याला सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत बंद असलेली वाट दिसते.

दंडाचा बोजा गरिबावर पडतो, हा आक्षेप मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावतो. रोजंदारीवर जाणाऱ्याला ५०० रुपये म्हणजे दिवसभराची कमाई, आणि हप्त्यावर घेतलेली जुनी मोटारसायकल ही त्याची चैन नसते. म्हणून दंड अवाढव्य असावा असे मी म्हणणार नाही. इटलीच्या चेझारे बेक्कारियाने १७६४ साली गुन्हे आणि शिक्षांवर लिहिताना एक गोष्ट मांडली, जी आजवर टिकली आहे: शिक्षा किती कठोर आहे यापेक्षा ती चुकवता येणार नाही ही खात्री माणसाला जास्त आवरते. आपण नेमके उलट करतो. शंभर गाड्यांतली एखादी पकडायची आणि तिच्यावर भरभक्कम रक्कम लावायची. मग ती रक्कम थकते, थकलेल्या रकमा डोंगराएवढ्या होतात आणि सरकार सवलत जाहीर करते. तेलंगणात मार्च २०२२ मध्ये थकलेल्या चालानांवर दुचाकींना ७५ टक्के सूट दिली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये ती ८० टक्के झाली, चारचाकींना ६० टक्के. थकबाकी वसूल होते हे खरे, आणि कोर्टावरचा भारही हलका होतो. पण ज्याने वेळेवर पूर्ण रक्कम भरली त्याला आपण काय शिकवले? थांबला असता तर पाचव्या हिश्शात सुटला असता, हेच. त्यापेक्षा पहिल्या वेळी १०० रुपये घ्यावेत, पण रोज, प्रत्येक गाडीला, आणि पुढे एका पैशाचीही सूट नको. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०२३ पासून फुटपाथवरच्या पार्किंगला १०० पौंड दंड आहे आणि १४ दिवसांत भरला तर तो निम्मा होतो. सूट तिथेही आहे, पण ती लवकर भरणाऱ्याला आहे, उशीर करणाऱ्याला नाही. मुंबई महानगरपालिकेने जुलै २०१९ मध्ये ५,००० रुपयांपासून पुढचे दंड लावले, तेव्हा ते सार्वजनिक वाहनतळांच्या जवळच्या परिसरापुरते ठेवले. जागा उपलब्ध असताना ती न वापरणाऱ्याला मोठा दंड करण्यात न्याय आहे. जिथे एकही वाहनतळ नाही तिथे तोच दंड जुलूम ठरेल.

फेरीवाल्यांचा मुद्दा थोडक्यात. फुटपाथ मोकळे करण्याची मोहीम निघाली की पहिली उचलली जाते ती भाजीची टोपली आणि चहाची गाडी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्याला नोंदणी, विक्री समिती आणि ठरलेली जागा यांचे संरक्षण दिले आहे. उभ्या मोटारीला असे कोणतेही संरक्षण कोणत्याही कायद्यात नाही. तरीही टोपली जाते आणि मोटार राहते. हा क्रम उलटा करायला हवा.

फुटपाथ गाडी चढू नये असाच बांधला तर निम्मे चालान लागणारच नाहीत. कडेला ठरावीक अंतराने खांब, दुकानाच्या दारापुढे फुटपाथ खाली न उतरवता तसाच पुढे नेणे, आणि नालीच्या फरश्या एका पातळीत ठेवणे, एवढ्याने मोटार थांबते. पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद केले. तिथला अनुभव सांगतो की रुंद फुटपाथ मिळाला की दुचाक्या त्यावरून पळू लागतात. व्हीलचेअर जाईल एवढी फट खांबांत ठेवावीच लागते, आणि त्या फटीतून मोटारसायकलही जाते. म्हणून मोटारीसाठी बांधकाम आणि दुचाकीसाठी नियमित चालान, अशी कामाची वाटणी करावी लागेल. आदिलाबादसारख्या ठिकाणी दुचाक्याच जास्त, त्यामुळे इथे पोलिसांच्या फेरीला पर्याय नाही. पोलीस कमी आहेत हे खरे आहे. पण सगळ्या शहरभर अधूनमधून मोहीम काढण्यापेक्षा बसस्टँडपासून रिम्सपर्यंतची एकच वाट निवडून ती वर्षभर मोकळी ठेवली, तर मोबाइलवर फोटो काढून चालान करणारा एक शिपाईसुद्धा पुरेल. लोकांची सवय तिथून बदलायला लागेल.

राहिला प्रश्न यंत्रणेच्या पावतीचा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ घातले. रस्त्याच्या रचनेत आणि देखभालीत सुरक्षेची मानके पाळली नाहीत आणि त्यामुळे कोणी मेला किंवा अपंग झाला, तर जबाबदार अधिकारी, ठेकेदार किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गाडीवाल्याच्या पाचशेबद्दल गावभर चर्चा होते, या एक लाखाबद्दल कोणी बोलत नाही. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने सांगितले की वापरण्याजोगा, अडथळा नसलेला फुटपाथ मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि तो अपंगांनाही वापरता आला पाहिजे. ७ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात न्यायालयाने राज्यांना कलम १३८(१-अ) आणि २१०-ड खाली पादचाऱ्यांसाठी आणि रस्त्यांच्या मानकांसाठी नियम करायला सहा महिन्यांची मुदत दिली. फुटपाथांची तपासणी दहा लाखांवर वस्तीच्या ५० शहरांत करायला सांगितली. आदिलाबाद नगरपालिकेची वस्ती २०११ ला लाखाच्या थोडी वर होती, त्यामुळे त्या यादीत ती येत नाही. नियम मात्र साऱ्या राज्याला लागू होतील, आणि ते हैदराबादच्या रुंद रस्त्यांकडे पाहून लिहिले जाणार की नालीवरच्या फरश्यांकडेही पाहून, हे जिल्ह्याच्या गावांनी आत्ताच सांगायला हवे.

पैसा नाही, असे नगरपालिका म्हणेल. रतलामच्या नगरपालिकेनेही तेच म्हटले होते. उघड्या नाल्या आणि दुर्गंधीविरुद्ध तिथल्या रहिवाशांनी दंडाधिकाऱ्याकडे धाव घेतली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की निधी नाही ही सबब सांगून पालिकेला आपले वैधानिक कर्तव्य टाळता येणार नाही. ज्या कलमाखाली ते रहिवासी गेले, ते फौजदारी प्रक्रिया संहितेचे १३३ होते. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १५२ आहे. सार्वजनिक वाटेवरचा बेकायदा अडथळा दूर करण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी या कलमाखाली देऊ शकतो, आणि तक्रार करायला मोठा वकील लागत नाही. तेलंगणात दर सोमवारी कलेक्टर ऑफिसात प्रजावाणी, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याची बैठक, भरते. तिथे रस्त्याचे नाव, अडवलेल्या जागेची लांबी, तारखेसह फोटो आणि समोरच्या इमारतीच्या मंजूर नकाशात पार्किंग किती दाखवले आहे याची माहिती जोडून अर्ज दिला, तर उत्तर गाडीवाल्याबरोबरच इमारत मालकाला आणि नगरपालिकेलाही द्यावे लागेल.